लडाखची कुरणं नागपुरात बसून शोधताना

भूगोल किंवा भूविज्ञानात एम.एस्सी. झालं आणि पहिलंच काम चांगथांगमधल्या, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठारावरच्या, एखाद्या दरीतली कुरणं आणि झरे नकाशावर आणायचं मिळालं, की पोरं आधी जॅकेट घ्यायला सीताबर्डीला पळतात. जॅकेट लागेलच. पण निम्मं काम इथेच, कूलरसमोर क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर उघडून होतं.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, पिक्सेल 10 मीटरचा. नवखा माणूस ऑगस्टचं चित्र घेतो, एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) काढतो आणि हिरवं ते कुरण म्हणून रंगवतो. ते हिरवं बरेचदा झऱ्याकाठचं पाणथळ गवत असतं, नाहीतर गावालगतचं जवाचं शेत. तिथल्या भटक्या चांगपा मेंढपाळांच्या पश्मिना शेळ्या हिवाळा काढतात ते उतार मात्र तपकिरी दिसतात. गवत आणि खुरटी झुडपं इतकी विरळ, की पिक्सेलमध्ये मातीच जिंकते. आपल्याकडचं झुडपी जंगल कागदावर जंगल आणि प्रत्यक्षात शेळ्यांचं रान असतं, तसलाच प्रकार.

झऱ्यांसाठी एप्रिल-मेचं चित्र बघा. हिवाळ्यात वाहत राहिलेलं पाणी थरावर थर गोठतं, आणि आजूबाजूचा बर्फ गेला तरी तो पांढरा पट्टा टिकतो. मिठाचा पापुद्राही पांढराच दिसतो, म्हणून स्विर (लघुलहरी अवरक्त) बँड लावा: बर्फ काळा पडतो, कोरडं मीठ उजळच राहतं. उत्तरेकडच्या उभ्या उतारांवरच्या सावल्यांना पाणी समजू नका. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, तेव्हा त्या उतारांवर सावली असू शकते.

जागेवर गेलात की तापमान आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचा अंदाज) झऱ्याच्या तोंडाशीच मोजा, खाली ओढ्याचं पाणी मिसळतं. प्रवाहाला बादली आणि स्टॉपवॉच पुरे. 10 लिटरची बादली 40 सेकंदांत भरली, तर सेकंदाला पाव लिटर. पाणी नुसतं पाझरत असेल तर चिखलाचा छोटा बांध घालून पाइपचा तुकडा खोचा. चांगथांगमधल्या पुग्यासारख्या गरम झऱ्यात हात घालू नका. त्या उंचीवर पाणी 85 अंशांच्या आसपास उकळतं, पण भाजायला तेवढं पुष्कळ.

मेंढपाळाला ‘हे कुरण आहे का?’ असं विचारलंत तर तो मान डोलावून मोकळा होईल. कोणत्या महिन्यात येता, सोबत याक की शेळ्या, हा झरा कधी गोठतो, हे विचारा. छापील नकाशा पुढे करण्यापेक्षा त्याच्यासोबत उंचवट्यावर उभं राहा, तो बोटाने सीमा दाखवतो.

परत आल्यावर ‘हा तपकिरी भाग कुरण कसा?’ हा प्रश्न सादरीकरणात हमखास येतो. म्हणून नकाशावर आखलेल्या प्रत्येक पॉलिगॉनला (तुकड्याला) महिना, जनावरं आणि माहिती कशावरून, चित्रावरून की मेंढपाळाकडून, असे तीन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा.