दक्षिणेतल्या पुढारी-उद्योजकाचं चरित्र कागदपत्रांतून कसं उभं करायचं

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेतला वजनदार पुढारी अनेकदा जमीनदार, वकील आणि रेल्वे-खाणीतला भागीदारही असे. म्हणून त्याने भूषवलेल्या पदांइतकाच त्याच्या पैशाचाही माग काढावा लागतो.

जॉर्जियाचा जोसेफ ब्राउन घ्या. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पदं लिहा: १८५७ ते १८६५ गव्हर्नर, १८६८ ते १८७० राज्याचा मुख्य न्यायाधीश, १८८० ते १८९१ सिनेटर. उजवीकडे व्यवहार. राज्याच्या मालकीची वेस्टर्न अँड अटलांटिक रेल्वे १८७० च्या अखेरीस एका कंपनीने २० वर्षांसाठी, महिना २५,००० डॉलर भाड्याने घेतली. ब्राउन त्या कंपनीचा अध्यक्ष. पुढे त्याची डेड कोल कंपनी, जिच्या खाणींत राज्याकडून भाड्याने घेतलेले कैदी राबत. आता १८७० ची ओळ आडवी वाचा: न्यायासन सुटलं त्याच वर्षी रेल्वे हातात आली, आणि गव्हर्नर असताना हीच रेल्वे त्याच्या अखत्यारीत होती. असे सांधे सापडले की चरित्राला कणा मिळतो.

मग जनगणना. १८५० च्या नोंदीत फक्त स्थावर मालमत्तेची किंमत आहे. १८६० आणि १८७० मध्ये स्थावर व जंगम असे दोन रकाने आहेत. इथे हमखास चूक होते. १८६० चा जंगम आकडा म्हणजे रोकड, फर्निचर नि गुरंढोरं असं समजू नका; गुलाम माणसांची किंमतही त्यातच धरलेली असे. १८७० मध्ये तो आकडा कोसळलेला दिसला, तर ‘यादवी युद्धात बुडाला’ असं घाईने लिहू नका. माणसं मुक्त झाली, हेही त्यामागचं मोठं कारण असतं.

१८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या याद्या काढून पाहाच. मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग, वर्ण. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. ‘३४, स्त्री, कृष्णवर्णीय’, एवढ्यावर एक अख्खं आयुष्य आटोपलेलं. नावं शोधायची तर काउंटीच्या (राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायालयातली मृत्युपत्रं आणि मृत्यूनंतर केलेल्या मालमत्तेच्या याद्या चाळा. तिथे माणसं नावानिशी, किमतीसकट, खेचरं आणि नांगरांच्या शेजारी सापडतात. ही नावं चरित्रात जशीच्या तशी उतरवा, ‘मोठा नोकरवर्ग’ म्हणून झाकू नका.

यादवी युद्धानंतर, २९ मे १८६५ च्या जाहीरनाम्यानुसार, संघराज्याविरुद्धच्या दक्षिणेच्या बंडात सामील झालेल्या आणि २०,००० डॉलरहून अधिक करपात्र मालमत्ता असलेल्यांना राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनकडे स्वतंत्र माफी मागावी लागे. हे अर्ज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अर्जदार स्वतःची बाजू मांडतोय हे ध्यानात ठेवून वाचा. ‘मी संघराज्यातून वेगळं होण्याच्या विरोधातच होतो’ यासारखा दावा १८६०-६१ च्या वर्तमानपत्रांतल्या त्याच्या भाषणांशी ताडून पाहा.

एकाच नावाचे काका-पुतणे एकाच काउंटीत असतात, म्हणून वय, पत्नीचं नाव आणि शेजारी जुळल्याशिवाय नोंद त्याची धरू नका. काउंटीच्या सीमाही बदलत. जमिनीचं खरेदीखत सापडेना तर ती काउंटी जिच्यातून फुटून निघाली त्या मूळ काउंटीच्या दप्तरात बघा. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीनंतर जवळपास पूर्ण नष्ट झाली, त्यामुळे १८८० ते १९०० हा काळ कराच्या नोंदवह्या आणि शहरांच्या डिरेक्टऱ्यांवरूनच (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील याद्या) भरून काढावा लागतो.