टबातलं सोनं निसटतं कुठं? मुलांना वाळू रोळायला देताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या सुट्टीच्या शिबिरात चौदा पोरं होती, सहा पराती होत्या आणि मी स्वतःच्या हातानं वाळूत कालवलेलं ‘सोनं’ होतं. पाऊण तास सगळे पाण्यात हात घालून बसले. कुणालाच काही सापडेना. शेवटी सात वर्षांची एक पोरगी म्हणाली, “मावशी, हे काय तरंगतंय?” टबाच्या कडेला, फेसाला चिकटून सगळं सोनं गोल गोल फिरत होतं.

मी मिठाईवरचा सोनेरी वर्ख चुरून घातला होता. सोनं पाण्याच्या १९ पट जड, म्हणजे तळाला जाणारच, असा माझा हिशेब. पण एक ग्रॅम सोनं ठोकून जवळजवळ एक चौरस मीटर पसरवता येतं. इतक्या पातळ पापुद्र्याला पाण्याचा पृष्ठताण सहज पेलून धरतो. तेव्हापासून सांगलीतल्या आमच्या अंगणात दर मे महिन्यात हा खेळ होतो, आणि दरवर्षी नवीन काहीतरी चुकतं. त्यातलं जे पुन्हा पुन्हा चुकतं ते इथं लिहिते.

आधी एक गोष्ट. हे काम आपल्याला परकं नाही. आजी तांदूळ रोळायची ते आठवा. भांडं पाण्यात हलवायचं, तांदूळ पाण्याबरोबर अलगद दुसऱ्या भांड्यात उतरवायचे, खडे तळाशी राहतात. नदीच्या वाळूतून सोनं काढणारे हेच करतात, फक्त त्यांना तळाचं हवं असतं. मुलांना घनता वगैरे सांगण्याआधी मी मूठभर तांदळात चार खडे टाकून रोळून दाखवते. निम्मं शिकवणं तिथंच होतं.

नदीवर नेण्याची चूक

“कृष्णामाई एवढी जवळ असताना टब कशाला?” हा प्रश्न दरवर्षी एक तरी पालक विचारतो. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि उन्हाळ्यात त्या काठावर येऊन पडतात. वाळू उपसल्यानं झालेले डोह वरून दिसत नाहीत. धरणातून पाणी सोडलं की पातळी वाढते. शिवाय परवान्याशिवाय नदीतली वाळू उचलणं गुन्हा आहे, मग ती घमेलंभर का असेना. बांधकामाच्या साहित्याच्या दुकानातून दोन घमेली वाळू विकत आणा, विषय संपला.

आणि नदीवर जाऊन मिळणार काय? सातारा-सांगलीचा खडक म्हणजे काळा कातळ, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. इकडं दक्षिणेत सोन्याच्या शिरा असतात त्या बहुतेक याहून कितीतरी जुन्या, अडीचशे कोटी वर्षांपलीकडच्या खडकांत. कृष्णा पुढं कर्नाटकात जाते तेव्हा रायचूर भागात तसे खडक लागतात. हट्टीची सोन्याची खाण त्याच जिल्ह्यात, आजही चालू. कोलारची २००१ मध्ये बंद झाली. पण नदी वरून खाली वाहते, रायचूरचं सोनं उलटं चढून सांगलीला येत नाही.

‘खरं सोनं आहे’ असं सांगण्याची चूक

दुसऱ्या वर्षी माझ्याकडून हे झालं. पोरांचे डोळे चमकावेत म्हणून मी काही बोललेच नाही, त्यांना वाटतंय ते वाटू दिलं. संध्याकाळी एका मुलाची आई चार पितळी तुकडे कागदात बांधून सोनाराकडे जाऊन आली. तिनं मला काही म्हटलं नाही, हेच जास्त लागलं.

आता पहिल्या वाक्यातच सांगते: हे पितळ आहे, मी टाकलंय, प्रत्येक परातीत दहा तुकडे आहेत. पोरांचा उत्साह तसूभर कमी होत नाही. लपाछपीत लपलेला कोण हे माहीत असतं, म्हणून कुणी खेळायचं थांबतं का?

काय टाकायचं, काय नाही

चमकी नको, ती प्लास्टिकची, तरंगते आणि शेवटी गटारात जाते. शिशाचे छर्रे जड असतात, मासे धरण्याच्या दुकानात सहज मिळतात, म्हणून काहीजण सुचवतात. शिसं विषारी आहे, ते मुलांच्या हातात द्यायचंच नाही. पाऱ्याबद्दल तर बोलायलाच नको.

पितळ उत्तम. त्याची घनता साडेआठच्या आसपास, वाळूची २.६ ते २.९. लेथवाल्याकडचा पितळेचा चुरा फुकट मिळतो, पण तो सुईसारखा बोचतो आणि तेलानं माखलेला असतो. मी पितळी तारेचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करते, हातोडीनं चपटे करते आणि वाळू-पाण्यासह बाटलीत घालून भरपूर खुळखुळवते. कडा बोथट होतात. सोन्याची घनता पितळेच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे ज्याला पितळ राखता आलं त्याला सोनं राखणं सोपंच जाईल.

पाच वर्षांखालच्या मुलांना हा खेळ नको. तुकडा तोंडात जायला वेळ लागत नाही.

वाळू न चाळता वापरणं

बारीक जड कण आणि मोठा हलका खडा पाण्यात जवळपास एकाच वेगानं खाली बसतात. म्हणजे वाळूत गोटे राहिले की तळाशी गोटे आणि पितळ यांची खिचडी होते, मुलं वैतागतात. दोन-तीन मिलिमीटरच्या चाळणीनं वाळू चाळून घ्या.

दुसरा शत्रू म्हणजे माती. आमच्याकडची काळी माती ओली झाली की डिंकासारखी धरते. ढेकळाच्या पोटात दोन तुकडे अडकतात आणि ढेकूळ सरळ परातीबाहेर जातं. वाळू आदल्या दिवशी चार पाण्यांनी धुवा, आणि तरी परातीत गोळा दिसला तर बोटांनी कुस्करायला सांगा. कुस्करायला सांगावं लागत नाही म्हणा, चिखल म्हटल्यावर.

घाई, आणि बाकी सगळं हाताचं

निम्म्याहून जास्त अपयश इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुलं परात हातात आली की भांडी विसळावीत तशी गरगर फिरवतात. दोन फेऱ्यांत सगळं बाहेर. किंवा पहिल्याच झटक्याला परात तिरकी करतात. पितळ अजून वाळूच्या मधल्या थरात असतं, तेही वाहून जातं. आधी जड माल तळाला बसू द्यायचा, मग वरचा हलका माल काढायचा. हा क्रम उलटला की संपलं.

मी असं करून घेते. परात अर्ध्याहून थोडी जास्त भरायची. ती पाण्याखाली पूर्ण बुडवून, आडवी ठेवूनच, डाव्या-उजव्या बाजूला जोरात हलवायची. मोठ्यानं पंधरापर्यंत मोजायचं. वाळू पातळ पिठल्यासारखी हलली पाहिजे. घट्ट गोळा राहिली तर पाणी कमी आहे. मग पुढची कड किंचित खाली करून परात पाण्यात बुडवायची, वर उचलायची. पाणी येताना-जाताना वरची वाळू आपोआप ओढून नेतं, हातानं ढकलायची नाही. तीन-चार वेळा असं झालं की पुन्हा आडवी धरून पंधरा आकडे. मुठीएवढी वाळू उरली की वेग अर्धा करायचा.

घरची गुळगुळीत स्टीलची परात अडचणीची. एक तर उन्हात डोळ्यांवर चमकते, आणि तिच्या कडेला माल अडवणाऱ्या खाचा नसतात, त्यामुळे तुकडे घसरतात. काळ्या किंवा गडद हिरव्या प्लास्टिकची, तिरप्या काठांची थाळी असेल तर पिवळा ठिपका लगेच दिसतो.

बिघाड कुठं आहे ते ओळखायला दहा तुकड्यांचा हिशेब कामी येतो. दहापैकी आठ-नऊ परत आले तर हात बसला. चार-पाच आले तर परात लवकर तिरकी होतेय. एकही नाही आला, तर हाताचा दोष समजू नका, पाण्याच्या वर बघा. काहीतरी तरंगत असणार. म्हणूनच परात रिकामी करायची ती दुसऱ्या टबात. निसटलेला माल तिथं सापडतो, आणि तो पुन्हा रोळताना मुलांना आपण काय चुकलो ते समजतं.

भडंगाचे हात

तिसऱ्या वर्षी सगळं नीट होतं, तरी चपटे तुकडे तरंगायला लागले. मला कोडं सुटेना. मग लक्षात आलं, मधल्या सुट्टीत सगळ्यांनी भडंग खाल्लं होतं. तेलकट बोटं परातीला लागली, परातीवरून तुकड्यांना. तेल लागलेला पातळ तुकडा पाण्याला अंगाशी येऊ देत नाही आणि वरच राहतो. डोक्याला चोपडलेलं खोबरेल तेल, सनक्रीम, नवीन परातीवरचा कारखान्याचा तेलकट थर, सगळ्यांचा परिणाम तोच.

उपाय सोपा. खेळाआधी परात, तुकडे आणि हात भांड्याच्या साबणानं धुवायचे. टबात त्याच साबणाचा एखादा थेंब टाकला तरी तरंगणारे खाली बसतात. एकच थेंब, जास्त झाला की फेसात काही दिसत नाही. भडंग खेळ झाल्यावर.

मोठ्यांचं काय चुकतं

बाबा लोक. “दे, मी दाखवतो” म्हणून परात घेतात आणि पंधरा मिनिटं परत देत नाहीत. एका वर्षी मी मोठ्यांसाठी वेगळा टब लावला. तिथली गर्दी जास्त होती.

पण टबाजवळ एक मोठं माणूस असं हवं की ज्याच्या हातात ना परात, ना मोबाईल. वीतभर पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. टब उथळ ठेवा, मुलांच्या कमरेच्या उंचीच्या बाकावर, म्हणजे वाकून पाठ भरत नाही आणि कुणी तोल जाऊन आत पडत नाही. सकाळी साडेनऊच्या आत आटपा, मेचं ऊन आहे. कुणाला जास्त सापडले याची शर्यत लावू नका. लावली की सगळे घाई करतात आणि रडारड ठरलेली.

पाण्याचं म्हणाल तर आटपाडी-खानापूरसारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला टबभर पाणी ओतून देताना कसंतरी होतं, आणि ते बरोबरच आहे. गढूळ पाण्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं नितळ पाणी पुन्हा वापरता येतं. शेवटी ते झाडाला. साबण थेंबभरच असतो. मोरीत मात्र ओतू नका, वाळूनं नळी तुंबते.

तळाशी उरलेली काळी वाळू

शेवटी परातीत पितळाबरोबर काळा भुगा उरतो. पालकांना वाटतं वाळू घाण आहे. ते मॅग्नेटाइट, आपल्याच कातळातून सुटलेलं लोहखनिज, घनता पाचच्या वर. म्हणून तेही तळाला बसतं. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावरून फिरवा. भुगा केसाळ अळीसारखा उभा राहून चिकटतो. पिशवी उलटी केली की सुटतो. पिशवी विसरलात तर चुंबक साफ करण्यात दुपार जाते. खरं सांगायचं तर पोरांना पितळेपेक्षा हेच जास्त आवडतं, बाटल्यांत भरून घरी नेतात.

गेल्या वर्षी विट्याकडचे एक गलाईवाले आजोबा नातवाला सोडायला आले होते. खानापूर, आटपाडी, तासगावची कितीतरी घरं सोनं-चांदी गाळायच्या या धंद्यापायी देशभर पसरली आहेत. यांची हयात तमिळनाडूत गेलेली. भट्टी आणि आम्लाचं काम मुलांना दाखवण्यासारखं नाही, म्हणून ते नुसते खुर्ची टाकून बघत बसले. खेळ संपला, मी तुकडे मोजले. साठपैकी एकोणसाठ.

“फरशी झाडली का?” आजोबांनी विचारलं. मग सराफाच्या दुकानातला केर विकत घेऊन, धुऊन त्यातून सोनं काढणाऱ्या झारेकऱ्यांबद्दल ते पोरांना सांगू लागले. ऐकता ऐकता दोघांनी केरसुणी आणली. सबंध अंगण झाडलं, केर परातीत घेतला, पंधरापर्यंत मोजलं.

पितळेचा तुकडा नाही मिळाला. कुणाच्या तरी कानातल्या डुलाची हरवलेली मळसूत्री फिरकी मिळाली, आणि ती कुणाची हे अजून ठरलेलं नाही.