थायलंडला जाताय? मग बाट इथून नेऊ नका

बँकॉक-फुकेतला जाणारे बरेच जण इथूनच रुपये देऊन बाट, म्हणजे तिथलं चलन, घेतात, आणि तेही निघायच्या दिवशी एअरपोर्टवर, म्हणजे सगळ्यात महाग. त्यापेक्षा इथे चार-आठ दिवस आधी शहरातल्या दोन-तीन मनी चेंजरना फोन करून डॉलर घ्या आणि तिकडे पोचल्यावर त्यांचे बाट करा; "झिरो कमिशन" ऐकून भुलू नका, कारण त्यांची कमाई रेटमध्येच असते, सरळ विचारा की जीएसटी धरून हातात किती पडणार.

नोटा शंभरच्या आणि कोऱ्या करकरीत मागा. तिकडे शंभरच्या नोटेला जो रेट मिळतो तो दहा-वीसच्या नोटेला मिळत नाही, आणि पेनाची रेघ किंवा फाटका कोपरा दिसला की काउंटरवाली नोट गपचूप परत सरकवते.

बँकॉकच्या सुवर्णभूमी एअरपोर्टला उतरल्यावर अरायव्हलमधल्या बँकांच्या काउंटरवर थांबू नका, लिफ्टने तळमजल्याखाली रेल लिंकपाशी, म्हणजे शहरात जाणाऱ्या ट्रेनच्या स्टेशनपाशी, जा, तिथे सुपररिचसारखे चेंजर आहेत, रेटमधला फरक बोर्ड बघूनच कळतो. पासपोर्ट हाताशी ठेवा.

एटीएमचं म्हणाल तर परदेशी कार्डाला दरवेळी २२० बाट किंवा त्याहून जास्त कापतात, म्हणून काढायचेच तर एकदाच मोठी रक्कम काढा. आणि मशीनवर किंवा दुकानात "रुपयात पैसे भरायचे का?" असं आलं की नाही म्हणा, बाटच निवडा. मी पहिल्यांदा रुपये बघून खूश होऊन हो दाबलं होतं, जेवणापेक्षा ते बटणच महागात पडलं.