जुन्या अकूस्टिक गिटारची दुरुस्ती करताना या चुका टाळा

रोज वाजणाऱ्या अकूस्टिक गिटारवर काही वर्षांनी सगळ्यांत आधी नजरेत भरते ती साउंडहोलच्या (पुढच्या गोल भोकाच्या) कडेची उडालेली पॉलिश, आणि मालकाच्या जिवाला घोर लागतो तोही तिचाच. वास्तविक ही झीज जवळजवळ निरुपद्रवी असते. खरा धोका असतो तो सहजी न दिसणाऱ्या बदलांचा: नेकचा (तारा जिच्यावर दाबतात त्या लांब मानेचा) कोन किंचित बदलतो, ब्रिजचा (फळीवर तारा अडकवणाऱ्या लाकडी तुकड्याचा) मागचा काठ कागदभर उचलला जातो, वरच्या फळीच्या आतून चिकटवलेली एखादी आधारपट्टी एका टोकाला सुटते. दुरुस्तीतल्या बहुतेक चुका या दोन प्रकारांची गल्लत केल्याने होतात.

अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन यांची ‘ट्रिगर’ ही गिटार या बाबतीत बोलकी आहे. मार्टिन एन-२० जातीची ही नायलॉन तारांची गिटार त्यांनी १९६९ साली घेतली. ती घडवलेली होती बोटांनी वाजवण्यासाठी, त्यामुळे तिला पिकगार्ड (तारा छेडायच्या पिकच्या ओरखड्यांपासून फळी वाचवणारी पातळ पट्टी) नव्हते. नेल्सन मात्र ती पिकने वाजवत राहिले आणि साउंडहोल व ब्रिज यांच्यामधल्या फळीला चक्क आरपार भोक पडले. तरीही ती मैफली गाजवत राहिली, कारण तिच्या आधारपट्ट्या आणि सांधे वेळोवेळी सांभाळले गेले.

तारा उंच झाल्या की ट्रस रॉड पिळणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही, आणि ती मी स्वतः केलेली आहे. माझ्या गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तीन मिलिमीटरच्याही वर गेल्या होत्या. मी ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या धातूच्या सळईचा) नट आधी पाव फेरा आवळला, मग आणखी पाव. बाराव्या फ्रेटवरची उंची नावापुरती उतरली, पण नेक मागे वाकला आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवरचे सूर झणझणू लागले. ट्रस रॉडचे काम एवढेच असते, की तारांच्या ताणाने नेकला पुढच्या बाजूला जो बाक येतो तो आटोक्यात ठेवायचा. नेक आणि खोके यांच्यातला कोन त्याला दुरुस्त करता येत नाही.

लाइट गेजच्या (पातळ) स्टीलच्या सहा तारा मिळून सुमारे ७० किलोचा ताण देतात, आणि हा ताण दिवसरात्र चालू असतो. वर्षानुवर्षे तो सोसताना ब्रिजच्या मागची फळी थोडी फुगते, साउंडहोलच्या आसपासचा भाग किंचित दबतो आणि नेक पुढे कलते. म्हणून आधी निदान करावे. गिटार सुरात लावून सहावी (सर्वांत जाड) तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक खोक्याला मिळते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरावी; मधल्या फ्रेटवर साध्या कागदाचे एक-दोन थर मावतील एवढी फट दिसली, तर ट्रस रॉडला हात लावण्याचे कारण नाही. त्यानंतर एक सरळ, लांब पट्टी फ्रेटवर टेकवून ब्रिजपर्यंत न्यावी. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला जेमतेम शिवले तर कोन ठीक आहे. ते माथ्याच्या खाली, ब्रिजच्या पुढच्या अंगावर अडले तर कोन गेलेला आहे. त्यावरचा उपाय म्हणजे नेक उतरवून सांधा नव्या कोनात बसवणे, आणि ते घरी करण्याचे काम नाही.

सॅडल घासण्याची घाई

कोन गेलेला असला तरी सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती उभी पट्टी) घासून काही वर्षे काढता येतात, आणि त्यात गैर काही नाही. फक्त हिशेब ध्यानात घ्यावा: बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्यामुळे तेथे एक मिलिमीटर उंची कमी करायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावे लागते. ब्रिजच्या वर सॅडल उभेच असते तीन-चार मिलिमीटर. दोनदा घासले की तारेला सॅडलवरून खाली वळायला पुरेसा उतार उरत नाही, सॅडलवरचा दाब कमी होतो आणि आवाज मिळमिळीत येऊ लागतो.

ही घाई बहुधा हवामान न पाहता केली जाते. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. दमट हवेत फळी फुगून तारा उंच होतात, कोरड्या हवेत ती बसते आणि तारा खाली येऊन फ्रेटवर झणझणतात. दमट दिवसांत घासलेले सॅडल कोरड्या दिवसांत ठेंगणे ठरते. कोरडेपणाची आणखी एक खूण बोटांनाच कळते: फिंगरबोर्डचे (नेकवरच्या ज्या पट्टीत फ्रेट बसवलेले असतात तिचे) लाकूड आक्रसते, धातू तेवढाच राहतो, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके करवतीसारखी लागतात. अशा वेळी कानस हाती घेण्यापूर्वी गिटार दोन-तीन आठवडे ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवून पाहावी. केसमध्ये एक लहानसा आर्द्रतामापक असला, तर निम्म्या तक्रारी कारागिराकडे जाण्याआधीच मिटतात, असे माझे मत आहे.

फ्रेट आणि जुन्या तारा

फ्रेट झिजण्यासाठीच असतात. बहुतेक गिटारवर ते निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे आणि पोलादी तारेपेक्षा तो मऊ आहे. म्हणून पहिल्या तीन-चार फ्रेटवर, साध्या पातळ तारांच्या खाली, आधी खाचा पडतात. उजेड तिरपा धरला की त्या नखाने कोरल्यासारख्या दिसतात. झीज पसरून फ्रेटचा माथा सपाट झाला, की तार नेमक्या एका रेषेवर टेकत नाही आणि सूर किंचित ढळतो.

येथे दोन चुका होतात. एक म्हणजे एखाद्याच जागी झणझण येते म्हणून सॅडल उंचावून संपूर्ण गिटार वाजवायला जड करून ठेवणे. दुसरी म्हणजे खाच पडलेल्या फ्रेटच्या पुढचा फ्रेट तेवढ्यापुरता घासणे, ज्यामुळे तक्रार एक घर पुढे सरकते. योग्य रीत म्हणजे सगळे फ्रेट एका पातळीत आणून त्यांचे माथे पुन्हा गोलाकार करणे. नव्या फ्रेटची उंचीच जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असल्याने हे काम मोजक्या वेळाच करता येते. पुढे फ्रेट बदलावेच लागतात. गंजलेल्या तारा ही झीज वाढवतात, आणि गरजेपेक्षा घट्ट आवळलेला कापोही (सगळ्या तारा एकत्र दाबून धरणारा चिमटा).

गोंद, पिन आणि पॉलिश

ब्रिजच्या मागच्या काठाखाली कागद सरकला, तर तारा लगेच सैल कराव्यात. त्या फटीत सुपरग्लू सोडण्याचा मोह मात्र आवरावा. तो लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतो, मग त्या जागेवर लाकडाचा गोंद धरत नाही, आणि तासाभराच्या कामाचे दोन दिवसांचे काम होते. ब्रिज पूर्ण सोडवून, दोन्ही पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करून नव्याने चिकटवणे हाच खरा उपाय आहे. उन्हात उभ्या मोटारीत गिटार ठेवणाऱ्यांना हा प्रसंग लवकर येतो, कारण गोंद उष्णतेने सैल पडतो.

तारांची टोके ब्रिजमध्ये धरून ठेवणाऱ्या पिनच्या बाबतीत चूक इतकी छोटी असते, की ती कोणी चूक मानतच नाही. तारेच्या टोकाचा मणी पिनच्या तळाशी अडकला आणि पिन तशीच ठोकली, तर मणी आतल्या ब्रिज प्लेटला (ब्रिजच्या खाली आतून लावलेल्या लाकडी पट्टीला) नीट टेकत नाही आणि ताण आल्यावर लाकूड चावत वर सरकतो. छोटा आरसा आणि विजेरी घेऊन आत पाहिले, तर जुन्या गिटारच्या ब्रिज प्लेटवर भोके लांबट झालेली दिसतात. तार घालताना मण्याजवळ तिला किंचित वाकवावे, आणि पिन दाबताना तार वर ओढून धरावी, म्हणजे मणी जागेवर बसतो.

पॉलिशविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. नायट्रोसेल्युलोज लॅकर (पॉलिशचा एक प्रकार) काळाने पिवळसर होते आणि थंडी-उष्णतेच्या फरकाने त्यावर बारीक तडे उमटतात. ते घासून नवी पॉलिश चढवल्यास जुन्या गिटारचे मोल घटते. मात्र हेच लॅकर स्टँडच्या रबराशी महिनोन्‌महिने टेकून राहिले तर मऊ होऊन चिकटते, तेव्हा मध्ये सुती कापड ठेवावे. सिलिकॉन असलेली चकाकी देणारी द्रव्ये टाळावीत, कारण पुढे कधी लाकडाला तडा गेला तर ती गोंद आणि पॉलिश दोन्ही धरू देत नाहीत.

माझ्या गिटारचे नेक अखेर उतरवून पुन्हा बसवावे लागले. कारागिराने ट्रस रॉड सैल केला, मी घासून ठेवलेले सॅडल काढून हाडाचे नवे, पुरेसे उंच सॅडल बसवले, आणि बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.४ मिलिमीटरवर आणून ठेवली. साउंडहोलच्या कडेला उडालेल्या पॉलिशविषयी मी विचारले, तेव्हा त्याने त्यावरून कोरडे फडके फिरवले आणि गिटार केसमध्ये ठेवली.