गुळवेलीतले जीवाणू आणि पिवळा पडणारा डीपीपीएच: या चुका टाळा

एम.एस्सी. प्रोजेक्टचा हंगाम आला की गुळवेल, अश्वगंधा, अडुळसा यांच्या आत राहणारे जीवाणू काढायची लाट येते. विषय उत्तम आहे. झाडाला त्रास न देता त्याच्या ऊतींमध्ये राहणारे हे एंडोफाइट्स खरोखर कामाची संयुगं बनवतात. पण मोजलेली अँटिऑक्सिडंट क्रिया नक्की त्यांचीच का, हे मुलं विचारत नाहीत आणि गाइडही विचारत नाहीत.

एका विद्यार्थिनीने गुळवेलीच्या खोडातून एक बॅसिलस (बीजाणू बनवणारा जीवाणू) काढला, ग्लुकोज-पेप्टोन-यीस्ट एक्स्ट्रॅक्टच्या ब्रॉथमध्ये, म्हणजे द्रव माध्यमात, वाढवला आणि सुपरनॅटंट (जीवाणू खाली बसवून वर उरलेला द्रव) थेट डीपीपीएचमध्ये घातला. डीपीपीएच म्हणजे अँटिऑक्सिडंट भेटलं की पिवळं पडणारं जांभळं रसायन. जांभळा रंग बघता बघता पिवळा. पोस्टर छापायला निघालं होतं. मी विचारलं, जीवाणू न टाकलेला ब्रॉथ कुठे आहे? कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, तिने डिस्टिल्ड वॉटर घेतलं होतं. कोरा ब्रॉथ लावला, तर तोही जवळजवळ तेवढाच पिवळा! यात नवल काही नाही. पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधले पेप्टाइड्स स्वतःच डीपीपीएचला निष्प्रभ करतात. त्यात ग्लुकोज आणि अमिनो आम्लं एकत्र ऑटोक्लेव्ह केली (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केली) की माध्यम तपकिरी होतं, आणि तो तपकिरीपणा आणणाऱ्या मेलार्ड अभिक्रियेतून अँटिऑक्सिडंट्सच तयार होतात. म्हणजे पोस्टरवर प्रेशर कुकरचं संशोधन जाणार होतं.

आता माझ्याकडे नियमच आहे. जीवाणू न घातलेला फ्लास्क त्याच शेकरवर, तितकेच दिवस ठेवायचा आणि त्याचंही एक्स्ट्रॅक्शन करायचं. ग्लुकोज वेगळं ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळायचं. नुसत्या सुपरनॅटंटवर मी डीपीपीएच करूच देत नाही. आधी अर्क इथाइल अ‍ॅसिटेटने काढा, वाळवा, वजन करा. कोऱ्या ब्रॉथची टक्केवारी वजा करून भागवू, असंही म्हणू नका. वाढताना जीवाणू ते पेप्टाइड्स खातात, त्यामुळे ती वजाबाकी खरी नसते. फोलिन अभिकर्मकाने ब्रॉथचे ‘टोटल फिनॉलिक्स’ (एकूण फिनॉल-संयुगं) काढणाऱ्यांनी एवढं आठवावं, की लोरी पद्धतीत प्रथिनं मोजायला हाच अभिकर्मक वापरतात.

दुसरा माझा राग पृष्ठभागाच्या निर्जंतुकीकरणावर. ७० टक्के अल्कोहोलमध्ये खोड बुडवलं, झालं! बॅसिलसचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. गुळवेलीची साल तर कागदासारखी सुटी, तिच्याखाली धूळ आणि बीजाणू दोन्ही बसलेले. मग बाहेरची माती ‘एंडोफाइट’ म्हणून प्रबंधात येते. मी नळाखाली घासून सुटी साल काढते, लांब तुकड्याची टोकं मेणाने बंद करते आणि अल्कोहोल, ताजं हायपोक्लोराइट (ब्लीच), पुन्हा अल्कोहोल, शेवटी निर्जंतुक पाणी असा क्रम ठेवते. जुन्या बाटलीतल्या हायपोक्लोराइटचा क्लोरीन केव्हाच उडालेला असतो. शेवटच्या धुण्याचं पाणी अगारवर (जीवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर) पसरायचं, तुकडाही अगारवर लोळवायचा, मगच टोकं कापून टाकायची. या दोन प्लेटांवर काही उगवलं तर सगळी बॅच फेकायची. “एकच कॉलनी आहे मॅडम” हे माझ्याकडे चालत नाही. उलट तुळशीच्या पातळ पानाला खोडाइतकाच वेळ हायपोक्लोराइट दिलं की आतलेही मरतात, आणि निष्कर्ष निघतो की तुळशीत एंडोफाइट्स नसतातच.

बाकीच्या चुका पटापट. डीपीपीएच मिथेनॉलमध्ये रोज ताजं करा, बाटलीला फॉइल गुंडाळा. नमुना मिथेनॉलमध्ये गढूळ झाला तर सेंट्रिफ्यूज करा, नाहीतर डीपीपीएचचा रंग मोजणारं ५१७ नॅनोमीटरचं रीडिंग फुगतं आणि चांगला अर्क वाईट दिसतो. रंगीत अर्काला त्याचा स्वतःचा ब्लँक (डीपीपीएच न घातलेला नमुना) द्या. एकाच तीव्रतेची टक्केवारी सांगू नका. आयसी-५० (निम्मं डीपीपीएच निष्प्रभ करणारी तीव्रता) काढा, आणि तेही अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाशेजारी ठेवून. हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या चाचणीत अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवू नका, तो स्वतःच ते रॅडिकल गिळतो. बॅसिलस सबटिलिसच्या गटात नुसत्या १६एस-वरून (जीवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकावरून) प्रजातीचं नाव ठोकू नका, जायरेस जनुकही बघा. आणि ग्लिसरॉल स्टॉक (गोठवून ठेवायचा साठा) शुद्ध कॉलनी मिळाली त्याच दिवशी करा. पुन्हा पुन्हा सबकल्चर केलेल्या एंडोफाइटची क्रिया उतरत जाते आणि मार्चमध्ये पहिलं रीडिंग परत येत नाही.