आफ्रिकन ग्रेचं पिल्लू आणि सूर्यफुलाच्या बिया

आफ्रिकन ग्रे जातीच्या पोपटाच्या पिल्लाला अजून हाताने भरवत असाल, तर फॉर्म्युला (पिल्लांना भरवायचं पातळ, कालवलेलं खाद्य) 39 ते 41 अंश सेल्सिअस ठेवा आणि थर्मामीटरनेच मोजा, बोट बुडवून अंदाज घेऊ नका. जास्त गरम झाला तर गळ्याखालची अन्नपिशवी आतून भाजते, गार असला तर अन्न तिथेच साचून आंबतं. रोज सकाळी भरवण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. वजन सतत उतरत असेल तर लगेच पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

पिल्लू स्वतः खायला लागलं की ते सूर्यफुलाच्या बिया तेवढ्या वेचून खाईल. तिथे मन घट्ट करा! या जातीत कॅल्शियम पटकन कमी पडतं. नुसत्या बियांवर वाढलेल्या ग्रेला थरथर सुटते, झटकेही येतात. मुख्य खाणं पेलेट्सचं, म्हणजे पोपटांसाठीच्या तयार खाद्याच्या गोळ्यांचं ठेवा, जोडीला शेवग्याचा पाला, ब्रोकोली, गाजर. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, म्हणून कोवळं ऊनही हवंच. काचेआडचं उपयोगाचं नाही. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र चुकूनही नको. हाताने भरवणं एकदम बंद करू नका, ते स्वतः पोटभर खाऊ लागेपर्यंत थांबा.