हेडसेटमधली कुईंऽऽ शेवटी गेली

स्वतः बांधलेल्या टू-सीटर विमानाचं वायरिंग संपवलं आणि इंजिन सुरू केलं तर हेडसेटमध्ये कुईंऽऽ, आरपीएम वाढवला की आवाजही चढायचा. म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून वीज बनवतो तो). आवाज गाळणारा फिल्टर बसवला, किंचित फरक पडला, बस. दोन वीकेंड रेडिओच्या मागे डोकं घालून बसलो आणि घोळ निघाला जॅकमध्ये!

माइक अन् फोनचे जॅक मी थेट अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलला आवळले होते, त्यामुळे ग्राउंड (करंटची परतीची वाट) एकदा वायरमधून इंटरकॉमकडे (हेडसेटवरून आपसात बोलायचं यंत्र) आणि एकदा बॉडीतून, असा मस्त ग्राउंड लूप झालेला, त्यातूनच ती कुईंऽऽ. जॅकच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावला, जॅक ते पॅनेल बीप वाजला, जो वाजायलाच नको होता. मग जॅक पॅनेलला टेकू नये म्हणून करंट न जाऊ देणारे फायबरचे वॉशर टाकले, एक खांदेवाला (भोकात बसणारी कड असलेला) एक सपाट, पण खांदा भोकात जाईना म्हणून भोकं मोठी करावी लागली (हे रंगाआधी केलं असतं तर, असो). शील्डही (वायरींवरची धातूची जाळी) मी दोन्ही टोकांना जोडलेली, ती जॅककडून कापून वर हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवली, इंटरकॉमकडे तशीच ठेवली. माझ्याकडे रिटर्नला (करंट परत न्यायला) वेगळी वायर होती म्हणून हे चाललं, तुमच्यात शील्डच रिटर्न असेल तर कापू नका, माइक बंद पडेल.

आता फुल थ्रॉटललाही शांत. फिल्टर काढायचा कंटाळा आलाय, राहू दे.